नेहमीचेच एरर

“मामू, आमच्याकडे तर सगळं हिरवं दिसतंय,” भाची फोनवर म्हणाली.

गेल्या वर्षीची, बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नेरूळला आमच्या घरी माझ्यासमोर एक रिक्षाचालक गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी दहावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकलेली. बी.एस्सी.च्या पहिल्या यादीचा फॉर्म त्या दिवशी पाचच्या आत भरायचा होता. तिने तो भरला, सहाशे रुपये कापल्याचा बँकेचा मेसेज आला, आणि पडद्यावर मात्र ‘फॉर्म जतन झाला नाही, पुन्हा प्रयत्न करा’. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सहाशे गेले. तिसऱ्या खेपेला बाप मुलीला घेऊन थेट माझ्याकडे आला. मोबाइलमध्ये काही अडलं की आमच्या भागात लोक शिक्षकाकडे येतात. शिक्षकाला सगळं येतं असा त्यांचा भाबडा समज आहे आणि आम्हीही तो मोडत नाही.

मला येत काहीच नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की त्या कॉलेजचं फॉर्मचं सॉफ्टवेअर माझ्या भाचीच्या कंपनीचं आहे. ती रोज नेरूळहून ठाण्याची गाडी पकडून ऐरोलीला जाते आणि डेटाबेसचं काहीतरी सांभाळते. त्या ‘काहीतरी’च्या पलीकडे मी कधी चौकशी केली नव्हती. म्हणून तिलाच फोन लावला. तिने तिथल्या तिथे बघितलं. पाटीवर सगळे दिवे हिरवे होते. “लॉगमध्येही नेहमीचेच एरर आहेत मामू, नवीन काही नाही. त्यांच्या नेटचा प्रॉब्लेम असेल.”

मीही तेच त्या बापाला सांगितलं. नेट बघा, म्हटलं. खोटं नव्हतो बोलत, पण चूक बोलत होतो.

साडेचारच्या सुमारास तिच्या ऑफिसात कुणीतरी प्रॉक्सी बंद करून पुन्हा चालू केला. कारण सापडलं म्हणून नव्हे. अडलं की बंद करून चालू करायचं, ही सवय मिक्सरपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे सारखीच. फॉर्म जायला लागले. आमच्या मुलीचा 4 वाजून 38 मिनिटांनी गेला. जास्तीचे पैसे आठ दिवसांनी परत आले. कंपनीने कॉलेजला कळवलं, कॉलेजने एक दिवसाची मुदत वाढवली. कंटाळून ज्यांनी मोबाइल खाली ठेवला त्यांच्यापर्यंत ती मुदतवाढ पोहोचली की नाही, हे मात्र कुठल्याच लॉगमध्ये नाही.

त्या रविवारी भाची जेवायला आली तेव्हा तिचं लक्ष ताटात नव्हतं. आपाने दोनदा विचारलं, “बिर्याणी बिघडली का?” शेवटी म्हणाली, “मामू, ती ओळ तिथे होती. तुमचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती. मी वाचली नाही.”

त्यानंतरचे तीन-चार महिने हा विषय आमच्या घरात वरचेवर निघत राहिला. मी भाषेचा मास्तर, मला यातलं तंत्र समजायला वेळ लागला, आणि तिला ते मराठीत सांगायला. जेवढं समजलं तेवढं इथे लिहितो.

आधी प्रॉक्सी म्हणजे काय. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर स्टुलावर शिपाईमामा बसतात, ते डोळ्यांसमोर आणा. प्रवेशाच्या दिवसांत तीनशे पालक आले तर तीनशे जणांना आत सोडता येत नाही. मामा चिठ्ठ्या घेतात, दहा-वीस जणांना आळीपाळीने आत पाठवतात, उत्तर बाहेर आणून देतात. डेटाबेसचंही तसंच असतं. पोस्टग्रेस नावाचा जो डेटाबेस खूप ठिकाणी वापरतात, तो येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी संगणकात एक वेगळी प्रक्रिया उघडतो. मुळात त्याची मर्यादा शंभर जोडण्यांची असते. ती वाढवता येते, पण फार वाढवली की मुख्याध्यापकच गुदमरतात. म्हणून मध्ये शिपाईमामा बसवतात. स्काइप कंपनीतल्या लोकांनी यासाठीच पीजीबाउन्सर नावाचा प्रॉक्सी लिहिला आणि 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. यूट्यूबच्या डेटाबेससाठी 2010 पासून व्हिटेस नावाची यंत्रणा बांधली गेली, तिच्यातही असा एक मधला माणूस आहे. भाचीच्या कंपनीने आपला प्रॉक्सी घरीच लिहिला होता.

शिपाईमामांकडे एक वही असते. काय घडलं ते त्यांनी त्यात लिहायचं. हाच लॉग. (लॉग पुल्लिंगी म्हणायचा का, आणि एरर ‘आला’ की ‘आली’, यावर आमच्या स्टाफरूममध्ये तास जाईल. मी दोन्ही पुल्लिंगी धरले आहेत.) वहीतल्या नोंदीला दर्जा असतो. 1980 च्या दशकात एरिक ऑलमन या अमेरिकन प्रोग्रामरने सिसलॉग नावाची पद्धत तयार केली. तिच्यात आठ पायऱ्या आहेत: सर्वांत वर आणीबाणी, सर्वांत खाली दुरुस्ती करणाऱ्यासाठीची बारीकसारीक टिपणं. मध्ये एरर, इशारा, सूचना, माहिती वगैरे. आजही बहुतेक प्रणाली याच शिडीच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभ्या आहेत.

भाचीच्या प्रॉक्सीत ही शिडी नावालाच होती. ज्याने तो लिहिला त्याने जिथे शंका आली तिथे ‘एरर’ लिहून टाकलं होतं. घाबरट विद्यार्थी प्रत्येक अक्षरावर अनुस्वार देतो ना, तसं.

सर्वांत मोठा गोंधळ होता हालहवाल विचारणाऱ्यांचा. प्रॉक्सी जिवंत आहे की नाही हे बघायला दुसरी यंत्रं दर पाच सेकंदांनी येतात, जोडणी उघडतात आणि काही न बोलता बंद करतात. कुणीतरी दारातून डोकावून “मामा, आहात ना?” म्हणून पुढे जावं, तसं. आपले मामा मात्र दर वेळी वहीत लिहीत होते: एरर, एक इसम आला आणि काम न सांगता निघून गेला. अशी सहा यंत्रं होती. दिवसाचे 86,400 सेकंद, दर पाच सेकंदांनी एक म्हणजे 17,280, गुणिले सहा. एका दिवसात 1,03,680 एरर, आणि त्यातला एकही एरर नव्हे. उलट सगळं ठीक असल्याचीच ती खूण!

ही चूक तिच्या कंपनीची एकटीची नव्हती, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. खुद्द पोस्टग्रेसमध्ये हा त्रास कित्येक वर्षं होता. 2019 मध्ये त्यात बदल झाला: जोडणी उघडून एक अक्षरही न बोलता कुणी गेला तर लॉगमध्ये तक्रार लिहायची नाही, अर्धवट काही बोलून गेला तर मात्र लिहायची. एचएप्रॉक्सी नावाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रॉक्सीत असल्या रिकाम्या फेऱ्या न नोंदवण्याची स्वतंत्र सोयच आहे. मायएसक्यूएलमध्ये तर याहून मजेशीर प्रकार घडतो. एकाच ठिकाणाहून लागोपाठ शंभर अशा अर्धवट जोडण्या आल्या की तो त्या ठिकाणालाच दार बंद करतो. म्हणजे तब्येत विचारायला येणाऱ्यावरच बंदी.

दुसरा गठ्ठा होता डबल फॉर्मचा. फॉर्मचं बटण दाबलं आणि दोन सेकंद काही हललं नाही की आईबाप पुन्हा दाबतात. मीही दाबतो. दुसऱ्या वेळचा फॉर्म डेटाबेस नाकारतो, कारण तो क्रमांक आधीच नोंदलेला असतो. डेटाबेसने आपलं काम चोख केलं, पण वहीत पुन्हा एरर. शेवटच्या दिवशी अशा नोंदींचा पाऊस पडतो.

त्या दिवसाच्या लॉगमध्ये एकूण सव्वा दोन लाखांच्या आसपास एरर होते. खरा बिघाड सांगणाऱ्या ओळी 212.

तो बिघाड असा होता. दुपारी मुख्य डेटाबेसच्या यंत्रात काही अडचण आली, म्हणून जोडीच्या यंत्राने आपोआप कारभार हाती घेतला. हे ठरल्याप्रमाणेच झालं. जुनं यंत्र थोड्या वेळाने उठून बसलं, पण आता त्याला फक्त वाचण्याची परवानगी होती. प्रॉक्सीने मात्र काही जुन्या जोडण्या धरूनच ठेवल्या. म्हणजे मुख्याध्यापकांची बदली झाली आणि शिपाईमामा अजून काही चिठ्ठ्या जुन्या साहेबांकडेच नेत होते. जुने साहेब विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत, पण सही करू शकत नव्हते. त्यामुळे पानं उघडत होती, फीची पावती बँकेकडून येत होती, हालहवाल विचारणाऱ्याला “आहे, आहे” असं उत्तर मिळत होतं, म्हणून पाटी हिरवी. फक्त नवीन काही लिहायची वेळ आली की डेटाबेस म्हणे, इथे वाचन तेवढं चालतं, लिहिता येणार नाही. अगदी स्वच्छ, सरळ वाक्य. ते मिनिटाला चार-पाच वेळा लॉगमध्ये उमटत होतं, आणि त्याच्या वर-खाली दर मिनिटाला शे-दीडशे निरर्थक ओळी.

“वर्षभर रोज ते एरर बघून मी स्वतःला न बघायला शिकवलं होतं,” ती म्हणाली.

हे ऐकून मला माझ्या लाल पेनाची आठवण झाली. बी.एड. करून नुकता उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो तेव्हाची. आमच्या मुलांची घरची बोली उर्दू. उर्दूत लिंगं दोनच, मराठीत तीन. उर्दूच्या कानाला ‘ळ’ आणि ‘ण’ परके. त्यामुळे ‘माझा पुस्तक’, ‘बालाचा पानी’ असा मजकूर वहीत यायचाच. मी इमानेइतबारे प्रत्येक चुकीला गोल करायचो. एका पानावर एकदा चव्वेचाळीस गोल मोजले होते. वही परत दिली की पोरगं पान उलटून फक्त गुण बघायचं आणि वही मिटायचं. चव्वेचाळीसपैकी एकही गोल त्याने वाचलेला नसायचा. मला वाटायचं पोरं बेफिकीर आहेत. पुढे एका वरिष्ठ बाईंच्या सांगण्यावरून एका आठवड्यात एकाच जातीच्या चुका लाल करायला लागलो, म्हणजे या आठवड्यात फक्त लिंग. बाकीच्या चुका पेन्सिलीने कोपऱ्यात मोजून ठेवायच्या. पालकसभेत एका वडिलांनी मला विचारलंही होतं, सर, हल्ली चुका तपासत नाही का? त्यांना पेन्सिलीचे आकडे दाखवावे लागले.

त्या वडिलांची शंका मी हसण्यावारी नेत नाही. ‘नोंदी कमी केल्या’ हे वाक्य ऐकलं की माझ्याही मनात पहिली पाल चुकचुकते. पोलीस चौकीच्या बाकावर तासन्‌तास बसून ज्याने तक्रार दिली आहे, त्याला अदखलपात्र नोंद आणि एफआयआर यांतला फरक कुणी समजावून सांगायला नको. आधी दंडप्रक्रिया संहितेची कलमं 154 आणि 155 होती, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेची 173 आणि 174 आली. कागदाचा दर्जा खाली आणला की माणसाचं दुःखही खाली येतं, हा अनुभव मात्र जुनाच आहे. म्हणून मी भाचीला विचारलं, “तुम्ही एरर कमी करताय म्हणजे लपवताय का?”

ती चिडली नाही. म्हणाली, “मामू, पहिल्या प्रयत्नात आम्ही नेमकं तेच करणार होतो.”

ही हकिकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सफाई करायला बसल्यावर तिने एक साधा नियम लावला. डेटाबेसने जो नकार दिला तो प्रॉक्सीचा दोष नव्हे. मामांनी फक्त निरोप आणला. साहेब नाही म्हणाले तर मामांनी त्याची तक्रार आपल्या वहीत कशाला लिहावी? तेव्हा डेटाबेसकडून आलेले सगळे नकार सर्वांत खालच्या पायरीवर ढकलायचे. तर्क बिनतोड. सव्वा दोन लाखांच्या शेकड्यांत ओळी उरल्या. सगळे खूश. तिच्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने मात्र त्या दिवसाचा जुना लॉग नव्या नियमातून पुन्हा गाळून बघायला सांगितला. बघितलं तर त्या 212 ओळी गायब! कारण ‘इथे लिहिता येणार नाही’ हाही शेवटी डेटाबेसचाच नकार होता. म्हणजे ही सफाई आधीच झाली असती, तर मी फोन केला त्या दिवशी लॉग स्वच्छ दिसला असता आणि भाचीने मला आणखी ठामपणे सांगितलं असतं की तुमच्याच नेटचा प्रॉब्लेम आहे.

मग त्यांनी नकारांची जात बघायला सुरुवात केली. पोस्टग्रेस प्रत्येक नकारासोबत पाच अक्षरांचा एक संकेत पाठवतो. 23505 म्हणजे हा क्रमांक आधीच आहे. हे बटण दोनदा दाबणाऱ्यांचं, याला माहितीच्या पायरीवर ठेवलं. 42601 म्हणजे विचारणाऱ्याचं वाक्यच व्याकरणात चुकलं. ते ज्याने प्रोग्राम लिहिला त्याच्या वहीत जावं. 53300 म्हणजे जोडण्या संपल्या, आणि 25006 म्हणजे फक्त वाचनाची परवानगी असताना लिहायला गेलात. हे दोन खरे एरर, कारण इथे मामा चुकीच्या दाराशी उभे आहेत किंवा दारच अडलं आहे. चुकीच्या पासवर्डचा संकेत 28P01. यावर त्यांच्यात वाद झाला. एकदा चुकला तर माणूस आहे, मिनिटात पाचशे वेळा चुकला तर कुणीतरी कुलूप फोडतंय. तिथे ओळीला महत्त्व नाही, मोजणीला आहे. एकेक ओळ खालच्या दर्जाची केली आणि आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की तेवढ्यासाठी घंटा ठेवली.

एकाच बिघाडाच्या हजार ओळींचं काय, हा प्रश्न उरला. 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, माझा ऑनलाइन तास मध्येच तुटला. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घराने तक्रार क्रमांक फिरवला. बिघाड वरच्या वाहिन्यांत, तक्रारी घरोघरच्या. डेटाबेस पडला की नेमकं असंच होतं: प्रत्येक ग्राहक पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि प्रत्येक हाकेची एक ओळ. यावरचा उपाय लिनक्सच्या गाभ्यात फार आधीपासून आहे. पाच सेकंदांत एका प्रकारचे दहा संदेश लिहायचे, पुढचे गाळायचे. पण गाळून गप्प बसायचं नाही, किती गाळले तो आकडा लिहायचा. भाचीने तसंच केलं. आता तिच्या लॉगमध्ये एक ओळ येते आणि तिच्या शेपटीला ‘गेल्या मिनिटात अशा आणखी इतक्या’ असं असतं. माझ्या पेन्सिलीचा आकडा!

आणि मूळ नोंदी? त्या पुसलेल्या नाहीत. पुसता येतही नाहीत. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले, त्यानुसार संगणक प्रणालींचे लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात. तेव्हा खालच्या दर्जाच्या ओळी वेगळ्या स्वस्त साठ्यात जातात. रात्री कुणाला उठवत नाहीत, पण मागितल्या की मिळतात. हे ऐकल्यावर माझी थोडी तसल्ली झाली. थोडीच म्हणतो, कारण तिने लगेच पुढची गोष्ट सांगितली. जुना प्रॉक्सी नाकारलेलं अख्खं वाक्य लॉगमध्ये लिहायचा. म्हणजे फॉर्ममधलं मुलीचं नाव, मोबाइल नंबर, जातीचा रकाना, सगळं. लॉग वाचायची मुभा मूळ डेटाबेसपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असते. मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, कारण एका चुकीमुळे ते कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. कुणी चोरायलाही आलं नव्हतं, वहीच भलतं लिहीत होती. आता भाचीच्या लॉगमध्ये वाक्याचा सांगाडा येतो, माणसाचं नाव येत नाही. हे ऐकून त्या रिक्षाचालकांना काय वाटलं असतं, कुणास ठाऊक. त्यांना तर एवढंच आठवतं की सरांनी नेट बघायला सांगितलं.

एकदा तिने मला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राबद्दल वाचायला दिलं. 28 मार्च 1979 ला तिथे अपघात झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे दिवे आणि भोंगे सुरू झाले. नोंदी छापणारं यंत्र इतकं तुंबलं की घडत असलेल्यापेक्षा तासाहून अधिक मागे पडलं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने पुढे चौकशी आयोगासमोर सांगितलं की त्याला ती दिव्यांची पाटीच फेकून द्यावीशी वाटत होती, तिच्यातून कामाचं काहीच कळत नव्हतं. कुठे अणुभट्टी आणि कुठे बी.एस्सी.चा फॉर्म. पण भाचीने ती ओळ अधोरेखित करून ठेवली होती.

हे सगळं काम करायला तिला साधारण अडीच महिने लागले. यात नवीन काही बांधलं नाही, ग्राहकाला दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून वरिष्ठांकडून त्यासाठी वेळ मागताना नाकीनऊ आले. नवं दालन बांधायला पैसे निघतात, गटार उपसायला नाही, हे आपल्या गावगाड्यापासून चालत आलंय.

मागच्या शुक्रवारी ती आली होती. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेतलंय, हे मी तिला सांगितलं. मग विचारलं, “आता दिवसाला किती एरर?”

“चाळीसच्या आत. काल अडतीस.”

“सगळे खरे?”

“वीस-बावीस खरे. बाकीचे का येतात ते अजून कळलेलं नाही.”

“मग तेही खाली ढकलून टाक ना,” मी म्हटलं, जरा गमतीनेच.

तिने मान हलवली. “कळल्याशिवाय नाही मामू. तोवर रोज सकाळी वाचतेय.”